घटक ४ : भावनिक बुद्धिमत्ता आणि महाविद्यालयीन विद्यार्थ्यांचा इंटरनेट वापर

४.० उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर तुम्हांला –

• भावनिक बुद्धिमत्ता या संकल्पनेची वाटचाल व तिच्या चार शाखा स्पष्ट करता येतील.
• इंटरनेटचा अधिक वापर आणि समस्यात्मक वापर यांतील फरक सांगता येईल.
• भावना आणि इंटरनेट वापर यांचे चक्र उदाहरणासह विशद करता येईल.
• या विषयावरील संशोधनाचे निष्कर्ष चिकित्सकपणे वाचता येतील.
• स्वतःच्या इंटरनेट वापराची भावनिक नोंद ठेवता येईल.

४.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रांनो, १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगम लिमिटेड या कंपनीने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली. पुढे शहरांत आणि तालुक्यांच्या गावी सायबर कॅफे निघाले. तेथे तासावर पैसे मोजावे लागत आणि वेळ संपली की उठावे लागे. दुकान रात्री बंद होई. म्हणजे वापराला एक मर्यादा होती आणि ती बाहेरून घातलेली होती.

२०१६ नंतर मोबाइल डेटा स्वस्त झाला, स्मार्टफोन हातोहाती आले आणि ही बाहेरची मर्यादा जवळजवळ नाहीशी झाली. आता कोणी उठवायला येत नाही. कधी थांबायचे हे वापरणाऱ्यालाच ठरवावे लागते. थांबण्याचा हा निर्णय वरकरणी वेळेचा दिसतो. प्रत्यक्षात तो बहुतेक वेळा भावनेचा असतो. मन कशामुळे अस्वस्थ आहे, हे ज्याला कळते त्याला फोन खाली ठेवणे सोपे जाते. ज्याला कळत नाही तो स्वतःला आळशी ठरवून पुन्हा फोनच उचलतो. इंटरनेटच्या अभ्यासात भावनिक बुद्धिमत्तेचा विचार का करावा लागतो, याचे उत्तर येथे आहे.

हा घटक वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवा. दूरशिक्षणाच्या विद्यार्थ्याला ‘फोन बंद करा’ असा उपदेश करून भागत नाही. अभ्याससाहित्य, परीक्षेचे वेळापत्रक, अभ्यासकेंद्राच्या सूचना हे सारे त्याच फोनवर येते. नोकरी, घरकाम वा शेती आटोपून रात्री दहा वाजता तुम्ही ज्या पडद्यावर धडा उघडता, त्याच पडद्यावर मन भरकटवणाऱ्या साऱ्या गोष्टी असतात. त्यामुळे हा घटक इतरांविषयी जितका आहे, तितकाच तुमच्याविषयीही आहे.

४.२ विषय-विवेचन

४.२.१ भावनिक बुद्धिमत्ता : संकल्पना आणि वाटचाल

बुद्धिमत्ता म्हणजे केवळ गणिती वा भाषिक क्षमता, ही समजूत विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच प्रश्नांकित झाली होती. एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १९२० मध्ये ‘सामाजिक बुद्धिमत्ता’ ही कल्पना मांडली. हॉवर्ड गार्डनर यांनी १९८३ मध्ये बहुविध बुद्धिमत्तेचा सिद्धांत मांडताना स्वतःला जाणणारी आणि इतरांना जाणणारी अशा दोन बुद्धिमत्तांचा त्यात समावेश केला. ‘भावनिक बुद्धिमत्ता’ या संज्ञेला शास्त्रीय रूप दिले ते पीटर सॅलोव्हे आणि जॉन मेयर यांनी, १९९० मध्ये. १९९५ मध्ये डॅनिएल गोलमन यांच्या पुस्तकामुळे ही संज्ञा जगभर पोहोचली. मात्र लोकप्रिय लेखनातील काही दावे उपलब्ध पुराव्यांच्या पुढे जाणारे आहेत, अशी टीकाही संशोधकांनी केली आहे.

मेयर आणि सॅलोव्हे यांनी १९९७ मध्ये मांडलेल्या सुधारित प्रारूपात भावनिक बुद्धिमत्तेच्या चार शाखा आहेत. त्या इंटरनेटच्या संदर्भात पाहू.

(१) भावना ओळखणे : स्वतःच्या आणि इतरांच्या भावना चेहरा, आवाज, देहबोली यांवरून टिपणे. लिखित संदेशात हे सारे आधार गळून पडतात. मैत्रिणीने पाठवलेले ‘बरं’ हे एकच अक्षरजोड संमतीचे आहे, रुसव्याचे आहे की घाईचे, हे पडद्यावर कळत नाही. अशा वेळी वाचणारा आपल्याच मनःस्थितीचा रंग त्या शब्दाला देतो.

(२) विचारासाठी भावनेचा उपयोग करणे : परीक्षेपूर्वीची थोडी धास्ती उजळणीकडे वळवता येते. तीच धास्ती नकोशी वाटून फोनकडे वळवली, तर तिचा उपयोग वाया जातो.

(३) भावना समजून घेणे : एक भावना दुसरीत कशी परिवर्तित होते, हे जाणणे. वर्गमित्राच्या नोकरीची बातमी वाचून प्रथम हेवा, मग कमीपणा आणि शेवटी त्याच्याविषयी राग, असा प्रवास होऊ शकतो. केवळ शेवटचा राग दिसला, तर त्याचे मूळ सापडत नाही.

(४) भावनांचे व्यवस्थापन करणे : प्रसंगानुरूप भावना सांभाळणे, तिची तीव्रता कमी-अधिक करणे. भावना दाबून टाकणे म्हणजे व्यवस्थापन, असा समज चुकीचा आहे.

४.२.२ अधिक वापर आणि समस्यात्मक वापर

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ किंबर्ली यंग यांनी १९९६ मध्ये इंटरनेटच्या व्यसनासारख्या वापराकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले. जुगाराच्या विकृतीच्या निकषांवर आधारित आठ प्रश्नांची प्रश्नावली त्यांनी तयार केली. पुढे त्यांची वीस प्रश्नांची चाचणीही जगभर वापरली गेली. तथापि ‘इंटरनेटचे व्यसन’ हा स्वतंत्र आजार म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणात नोंदलेला नाही. १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या या वर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत ‘गेमिंग विकृती’ मात्र समाविष्ट आहे. म्हणूनच कोणालाही ‘व्यसनी’ असा शिक्का मारण्याऐवजी ‘समस्यात्मक वापर’ ही संज्ञा वापरणे अधिक योग्य ठरते.

वापर समस्यात्मक केव्हा म्हणावा? पुढील लक्षणे दीर्घकाळ एकत्र दिसल्यास तसे म्हणता येते : मन सतत त्यातच गुंतणे, ठरवूनही थांबता न येणे, इंटरनेट न मिळाल्यास चिडचिड होणे, झोप, अभ्यास, नाती यांची हानी होत असूनही वापर चालू राहणे, वापराविषयी घरच्यांपासून लपवणे, आणि नकोशा भावनेपासून सुटका म्हणून वारंवार त्याचाच आधार घेणे. या यादीत तासांची संख्या नाही, हे लक्षात घ्या.

तीन काल्पनिक विद्यार्थ्यांचे उदाहरण घेऊ. तिघेही रोज चार तास इंटरनेटवर असतात. पहिली विद्यार्थिनी स्पर्धा परीक्षेची व्याख्याने ऐकते आणि टिपणे काढते. दुसरा विद्यार्थी लातूरहून पुण्यात शिकायला आलेला आहे. रात्री तो घरच्यांशी आणि गावातील मित्रांशी बोलतो, बोलून झाल्यावर त्याला हलके वाटते आणि तो झोपतो. तिसरा विद्यार्थी इंग्रजीच्या चाचणीत गुण कमी पडल्यापासून पुस्तक उघडले की फोन हातात घेतो. एकामागून एक छोटे व्हिडिओ पाहतो आणि मध्यरात्री अपराधी मनाने दिवा मालवतो. तासांची बेरीज सारखीच आहे. मात्र पहिलीचा वापर ध्येयासाठी, दुसऱ्याचा नात्यासाठी आणि तिसऱ्याचा पळवाटेसाठी आहे. तिघांनाही ‘दोन तास कमी करा’ असा एकच सल्ला दिला, तर पहिलीचा अभ्यास बुडेल, दुसऱ्याचा आधार तुटेल आणि तिसऱ्याची भीती जिथल्या तिथे राहील.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न – १
योग्य पर्याय निवडा.
(१) भावनिक बुद्धिमत्तेचे चार शाखांचे प्रारूप कोणी मांडले? (अ) गार्डनर (आ) मेयर व सॅलोव्हे (इ) थॉर्नडाइक
(२) समस्यात्मक वापराचा प्रमुख निकष कोणता? (अ) तासांची संख्या (आ) फोनची किंमत (इ) हानी होऊनही न थांबता येणे

४.२.३ भावना आणि वापर यांचे चक्र

तिसऱ्या विद्यार्थ्याच्या वागण्यामागील क्रम पाहू. पुस्तक उघडताच अपयशाची आठवण होते आणि अस्वस्थता वाढते. फोन उघडताच ती अस्वस्थता काही क्षण ओसरते. ज्या कृतीने त्रास थांबतो ती कृती पुन्हा केली जाते; मानसशास्त्रात याला ‘ऋण प्रबलन’ म्हणतात. दुसऱ्या दिवशी अभ्यास तुंबलेला असतो, त्यामुळे अस्वस्थता अधिक असते आणि सुटकेची गरजही अधिक असते. सुटकेचे साधन हेच त्रासाचे कारण बनते आणि चक्र पूर्ण होते.

या चक्राला माध्यमाची रचनाही हातभार लावते. बी. एफ. स्किनर यांनी प्रयोगांतून दाखवले, की बक्षीस केव्हा मिळेल हे अनिश्चित असेल तर प्राणी ती कृती अधिक चिकाटीने करत राहतात. पुढचा व्हिडिओ रंजक असेल की नीरस, छायाचित्राला किती जणांची पसंती मिळेल, हे आधी ठाऊक नसते. म्हणूनच ‘आणखी एकच’ असे म्हणत बोट फिरत राहते. याचा अर्थ असा, की वापर न थांबण्याचा सगळा दोष विद्यार्थ्याच्या इच्छाशक्तीला देणे अन्यायाचे आहे.

मग मन दुसरीकडे वळवणे सर्वथा वाईट आहे का? तसे नाही. जेम्स ग्रॉस यांनी १९९८ मध्ये भावनांच्या नियमनाचे जे प्रारूप मांडले, त्यात लक्ष वळवणे हा एक मान्य मार्ग आहे. परिस्थिती निवडणे, परिस्थितीत बदल करणे, लक्ष वळवणे, प्रसंगाचा अर्थ नव्याने लावणे आणि प्रतिसाद आवरणे, असे पाच मार्ग त्यांनी सांगितले. दिवसभराच्या शिणवट्यानंतर दहा मिनिटे गाणी ऐकणे हे आरोग्यदायी असू शकते. अडचण तेव्हा होते, जेव्हा पाचांपैकी एकच मार्ग उरतो. भावनिक बुद्धिमत्ता म्हणजे एका अर्थाने हे सारे मार्ग हाताशी असणे आणि कोणत्या वेळी कोणता निवडायचा याची जाण असणे होय.

४.२.४ भावनेला नाव देणे

फोन का उघडला, असे विचारल्यास बहुतेक विद्यार्थी ‘बोअर होत होतं’ असे उत्तर देतात. या एका शब्दाखाली अनेक निरनिराळ्या भावना दडलेल्या असतात. वसतिगृहात पहिल्याच आठवड्यात संध्याकाळी दाटून येते ती हुरहुर. निकालाच्या आदल्या रात्री असते ती घालमेल. अपेक्षेने केलेल्या कामाचे कौतुक न झाल्यास होतो तो हिरमोड. मनातले घरात बोलता न आल्याने होते ती कुचंबणा. इतरांच्या सहलीची छायाचित्रे पाहून मनात येते ती असूया.

नाव वेगळे, तसा उपायही वेगळा. हुरहुर लागली असेल तर घरी फोन करावा. घालमेल असेल तर चार पावले चालून यावे. हिरमोड झाला असेल तर ज्याच्या मताची किंमत वाटते त्याला विचारून घ्यावे. कुचंबणा असेल तर ऐकून घेणारे माणूस शोधावे. ‘बोअर’ या शब्दाला मात्र एकच उपाय सुचतो – पडदा उजळवणे.

तुम्ही मराठी साहित्याचे विद्यार्थी आहात, म्हणून येथे एक दुवा जोडून घेता येईल. भरताच्या नाट्यशास्त्रात आठ स्थायीभावांबरोबर तेहतीस व्यभिचारी भाव सांगितले आहेत. ग्लानी, शंका, असूया, दैन्य, चिंता, व्रीडा अशी त्यांची सूक्ष्म विभागणी आहे. तिचा हेतू रसनिष्पत्तीचा आहे, मानसोपचाराचा नाही. तरीही क्षणोक्षणी येणाऱ्या-जाणाऱ्या भावांना वेगवेगळी नावे द्यावीत, ही दृष्टी आपल्या परंपरेत किती जुनी आहे ते त्यातून दिसते. आधुनिक संशोधनही याच दिशेचे आहे. मॅथ्यू लिबरमन आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले, की चेहऱ्यावरील भावनेला शब्दांत नाव दिल्यास मेंदूतील, भावनिक प्रतिक्रियेशी संबंधित ‘अमिग्डाला’ या भागाची सक्रियता कमी होते. नाव दिल्याने दुःख संपत नाही. पण त्याच्यापासून थोडे अंतर मिळते आणि त्या अंतरातच निवड करण्याची संधी असते.

४.२.५ संशोधनाचे निष्कर्ष वाचताना

विविध देशांतील अभ्यासांत सामान्यतः असे आढळते, की भावनिक बुद्धिमत्तेचे गुण जितके अधिक, तितके समस्यात्मक इंटरनेट वापराचे गुण कमी. यालाच ‘ऋण सहसंबंध’ म्हणतात. हा निष्कर्ष वाचताना तीन प्रश्न विचारावेत.

पहिला प्रश्न दिशेचा. भावना हाताळता येत नाहीत म्हणून विद्यार्थी इंटरनेटकडे वळतो, की इंटरनेटमुळे समोरासमोर बोलण्याचा सराव कमी होऊन भावना हाताळण्याची क्षमता घटते? की एकटेपणा, नैराश्य वा अपुरी झोप यांसारखे तिसरेच कारण दोन्हींच्या मुळाशी आहे? एकाच वेळी प्रश्नावली भरून घेतलेल्या पाहणीतून सहसंबंध कळतो, कार्यकारणभाव कळत नाही.

दुसरा प्रश्न मापनाचा. अनेक अभ्यासांत ‘मला माझ्या भावना नीट कळतात’ अशा विधानांवर विद्यार्थ्याचेच मत घेतले जाते. ज्याला स्वतःच्या भावना कळत नाहीत, त्याला आपल्याला त्या कळत नाहीत हे तरी कसे कळावे? स्वतः सांगितलेले इंटरनेटचे तासही प्रत्यक्ष वापरापेक्षा बरेच वेगळे असू शकतात.

तिसरा प्रश्न परिस्थितीचा. घरात एकच स्मार्टफोन असेल आणि तो भावाकडे वा वडिलांकडे राहत असेल, तर मुलीचा इंटरनेट वापर कमी दिसेल. हे तिच्या स्वनियमनाचे लक्षण नव्हे. तिच्या वाट्याला साधनच आलेले नाही. केवळ आकड्यावरून तिला ‘संयमी’ म्हणणे म्हणजे तिच्यावरील निर्बंधाला गुण ठरवणे होय.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न – २
एका वाक्यात उत्तरे लिहा.
(१) ऋण प्रबलन म्हणजे काय?
(२) एकाच वेळी घेतलेल्या पाहणीतून कोणती गोष्ट सिद्ध होत नाही?

४.२.६ उपाययोजना

(अ) व्यक्तीच्या पातळीवर : सात दिवस एक छोटी नोंद ठेवा. अभ्यासाच्या वेळी कामाशिवाय फोन उघडला, की वहीत तीनच गोष्टी लिहा – उघडण्यापूर्वी मनात कोणती भावना होती, काय पाहिले, आणि ठेवल्यानंतर कसे वाटले. ‘बोअर’ हा शब्द या वहीत वापरू नये. स्वतःला रागावण्यासाठी ही नोंद नाही. आठवड्याच्या शेवटी कोणती भावना वारंवार आली ते पाहा. उपाय त्या भावनेवर करा. तसेच मोह झाल्यावर तो आवरण्यापेक्षा परिस्थिती आधीच बदलणे सोपे असते. धडा आधी उतरवून घेऊन इंटरनेट बंद करणे, किंवा छापील पुस्तिका घेऊन फोन दुसऱ्या खोलीत ठेवणे, हे त्याचे साधे मार्ग होत.

(आ) कुटुंब व समाजाच्या पातळीवर : सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ मध्ये एक उपक्रम सुरू केला. रोज सायंकाळी सात वाजता भोंगा वाजतो आणि पुढील दीड तास दूरचित्रवाणी व मोबाइल बाजूला ठेवून मुलांनी अभ्यास करावा, अशी अपेक्षा असते. सायबर कॅफेबरोबर गेलेली बाहेरची मर्यादा गावाने येथे एकत्र येऊन पुन्हा उभी केली. तिचे बळ मोठ्यांच्या सहभागात आहे. आईवडील स्वतः पडद्यात गुंतलेले असताना मुलांना दिलेला उपदेश टिकत नाही. मात्र असा भोंगा दीड तासाची शांतता देऊ शकतो. त्या शांततेत मुलाला ‘आज मन कशाने उदास आहे?’ असे विचारणे हे माणसांचेच काम आहे.

(इ) तज्ज्ञांचे साहाय्य : बंगळूर येथील ‘निम्हान्स’ या राष्ट्रीय संस्थेत तंत्रज्ञानाच्या निरोगी वापरासाठी २०१४ पासून स्वतंत्र उपचार-सेवा चालते. केंद्र शासनाची ‘टेलि-मानस’ ही मानसिक आरोग्यविषयक मदतवाहिनी १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य उपलब्ध आहे. झोप, जेवण, अभ्यास यांची घडी आठवडेच्या आठवडे विस्कटलेली असेल, सततची उदासी असेल किंवा जगणे नकोसे वाटत असेल, तर नोंदवहीवर विसंबून राहू नये. ताबडतोब मदत घ्यावी. मदत मागणे हीसुद्धा भावनांच्या व्यवस्थापनाचीच एक कृती आहे.

४.३ सारांश

भावनिक बुद्धिमत्ता म्हणजे भावना ओळखणे, विचारासाठी त्यांचा उपयोग करणे, त्या समजून घेणे आणि त्यांचे व्यवस्थापन करणे. इंटरनेटचा वापर समस्यात्मक आहे की नाही, हे तासांवरून ठरत नाही. वापराचे प्रयोजन, त्यावरील ताबा आणि त्याने होणारी हानी यांवरून ठरते. नकोशा भावनेपासून मिळणारी तात्पुरती सुटका आणि माध्यमाची अनिश्चित बक्षिसे यांतून वापराचे चक्र तयार होते. भावनेला नेमके नाव देणे ही त्या चक्रातून बाहेर पडण्याची पहिली पायरी आहे. भावनिक बुद्धिमत्ता व समस्यात्मक वापर यांत ऋण सहसंबंध आढळतो. पण त्यावरून कार्यकारणभाव गृहीत धरता येत नाही.

४.४ पारिभाषिक संज्ञा

समस्यात्मक वापर : हानी होऊनही आवरता न येणारा वापर.
ऋण प्रबलन : त्रास थांबल्यामुळे एखादी कृती दृढ होणे.
ऋण सहसंबंध : एक चल वाढताना दुसरे घटण्याची प्रवृत्ती.
स्वनियमन : स्वतःच्या भावना व वर्तन यांना प्रसंगानुरूप वळण देणे.

४.५ स्वयं-अध्ययनासाठी प्रश्नांची उत्तरे

प्रश्न १ : (१) आ (२) इ
प्रश्न २ : (१) एखाद्या कृतीमुळे त्रास थांबतो म्हणून ती कृती पुन्हा पुन्हा केली जाणे म्हणजे ऋण प्रबलन होय. (२) दोन चलांमधील कार्यकारणभाव सिद्ध होत नाही.

४.६ सरावासाठी स्वाध्याय

(१) भावनिक बुद्धिमत्तेच्या चार शाखा तुमच्या अनुभवातील उदाहरणांसह स्पष्ट करा.
(२) ‘तासांच्या संख्येवरून इंटरनेटचा समस्यात्मक वापर ठरवता येत नाही.’ या विधानाची चर्चा करा.
(३) टीपा लिहा : (अ) भावना आणि वापर यांचे चक्र (आ) भावनेला नाव देण्याचे महत्त्व.

उपक्रम : तुमच्या बोलीत मनाच्या अवस्था सांगणारे दहा शब्द घरातील वडीलधाऱ्यांकडून मिळवा. प्रत्येक शब्द कोणत्या प्रसंगी वापरतात ते त्यांना विचारून लिहा आणि त्यांपैकी कोणते शब्द तुमच्या सात दिवसांच्या नोंदीत उपयोगी पडले, ते अभ्यासकेंद्रावरील चर्चेत सांगा.